खरी नाणी की खेळण्यातले पैसे?

पोरांना पैसे ओळखायला शिकवताना घरोघरी हाच प्रश्न पडतोय. बेळगावच्या खडेबाजारात खेळण्यातल्या नोटांचं पाकीट मिळतं, हरवलं फाटलं तरी काळजी नाही, आणि दुकान-दुकान खेळायला पोरं तासभर रमतात, हे मान्यच. तीन वर्षाखालचं पोर असेल तर तेच बरं, पण नोटाच फक्त, कारण नाणं खरं असो की प्लास्टिकचं, ते पहिल्यांदा तोंडातच जातं बघा.

पण त्याहून मोठ्या पोराला खरेच पैसे द्या की. खेळण्यातली नाणी बऱ्याचदा एकाच वजनाची असतात, हाताला काही कळतच नाही. खरं एक रुपयाचं नाणं छोटं, दहाचं मोठं गोल, वीसचं तर बारा कोनांचं, पोरगं डोळे मिटून चाचपून सांगतं. नव्या पन्नासच्या निळ्या नोटेवर आपल्या कर्नाटकातल्या हंपीचा रथ आहे, दोनशेची पिवळी आणि शंभरची फिक्कट जांभळी, आणि मागच्या बाजूला भाषांच्या पट्टीत मराठी पण आहे कन्नड पण, आपल्याकडची पोरं दोन्ही वाचून दाखवतात तेव्हा लई भारी वाटतं.

मोजायला आधी एक-एकची दहा नाणी मांडा, मग त्या बदल्यात दहाचं एकच द्या. नाणी जास्त म्हणजे पैसे जास्त असं पोरांना वाटतं, ते इथंच सुटतं. नंतर कोपऱ्यावरच्या दुकानात काकांकडे वीसची नोट देऊन सुटे परत आणायला पाठवा, ते खेळण्यातल्या नोटांनी जमत नाही.