११२ दिवस आणि एक वेलांटी: शब्दकोड्याचं ॲप, सात महिन्यांनंतर

काल रात्री ॲपवर रोज कोडं सोडवण्याची माझी सलग ११२ दिवसांची साखळी तुटली. कारण वेलांटी. उभा शब्द ‘प्रगती’. मी शेवटच्या चौकटीत दीर्घ ‘ती’ टाकला, ॲपने लाल केला. शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायचा हा १९६२ पासूनचा नियम, शाळेत पट्ट्या खाऊन शिकलेला. मेल केली तर उत्तर आलं, ‘ॲप काढून पुन्हा टाका.’ त्याने वेलांटी वळते होय?

कोडी मात्र झकास, हे कबूल. वर्षाचे २९९ रुपये भरताना जीव खालीवर झाला होता, पण ‘कमळ म्हणजे पंकज’ छापाचं इथे काही नाही. ‘नदी उलटी वाहिली की गरीब (२)’, म्हणजे दीन. ‘बेकरीतला माल आणि बायकोचा भाऊ, की छत्र्या बाहेर (४)’ यावर दोन दिवस अडले. मेहुण्याला ‘साळा’ म्हणणारी आमच्याकडे आजीच शेवटची. भाजी चिरताना ‘पावसाळा’ सुचला आणि एकटीच हसले. आपल्या चौकटीत काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं, त्यामुळे इंग्रजी गूढ (क्रिप्टिक) कोड्यांसारखी अक्षरांची फिरवाफिरवी इथे सोपी नाही. रचणाऱ्याचं नाव कुठेच देत नाहीत, द्यायला हवं.

हे लिहिताना कालचं कोडं पुन्हा उघडलं आणि जीभ चावली. त्याच चौकटीतून आडवा ‘गतिरोध’ जातो! समासात तो इकार ऱ्हस्वच. म्हणजे एकाच घरात उभ्याला ‘ती’ हवी, आडव्याला ‘ति’. रचणाऱ्यावरचा राग निम्मा उतरला. ॲपवरचा नाही. अशा चौकटीत दोन्ही चालवून घ्यायला यांचं काय जातं?

आईला सांगितलं. ती ४० वर्षं पेपरातलं कोडं पेनने सोडवतेय. म्हणाली, “अगं, अशा ठिकाणी मी वेलांटी अशी काढते की कुठल्याही बाजूची वाटावी.” उत्तर दुसऱ्या दिवशी छापून येतं, तोवर तिला कुणी लाल करत नाही.

साखळी परत द्या म्हणून दुसरी मेल टाकली आहे. पुढच्या वर्षाचे पैसे आपोआप कापले जाणार होते, ते तूर्तास बंद केलंय. पेपर घरी येतोच, फक्त आईच्या आधी उठावं लागेल.