ठिसूळ हाडांसाठी आठवड्याची गोळी की वर्षाचं सलाइन?

प्रश्न असा: परभणीकडच्या एका आईचा टी-स्कोअर (हाडांच्या घनतेचा आकडा, जितका जास्त उणे तितकी हाडं ठिसूळ) उणे २.८, आता अ‍ॅलेंड्रोनेट (आठवड्याची गोळी) द्यावं की झोलेड्रोनिक अ‍ॅसिड (वर्षाचं सलाइन)? दोन्ही हाडांची झीज रोखणारी, एकाच जातीची औषधं.

गोळी ७० मिलिग्रॅमची, स्वस्त, पण पथ्य कडक. उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. तोवर चहासुद्धा नाही, खरी गोची तिथंच! बोअरचं क्षाराचं पाणीही नको. त्यातलं कॅल्शियम गोळी अंगी लागू देत नाही.

सलाइन ५ मिलिग्रॅमचं, किमान १५ मिनिटं. पहिल्या खेपेला दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी. आधी रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) तपासा. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता) मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या खाली असेल तर दोन्ही टाळतात.

पथ्य पाळणाऱ्याला गोळी. विसराळू किंवा गिळायला त्रास असणाऱ्याला सलाइन. दात काढायचा असेल तर आधी तो उरकून घ्या.