५३,७६० रुपयांची अंबाडी

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर लपवावासा वाटणार नाही. नोंदणीचे १,५००. 'जपानी मेपल', म्हणजे बोन्सायवाल्यांचं लाडकं लाल पानांचं झाड, त्याची ३० रोपं, एकाला १,१५०, म्हणजे ३४,५००. अकादामा नावाच्या जपानी मातीच्या १२ पिशव्या, ७८० प्रमाणे ९,३६०. बियांचं पाकीट २,४००. टेम्पोभाडं १,८००. झाडं परदेशातून रीतसर आल्याच्या सर्टिफिकेटचे ४,२००. झाले ५३,७६०. घरात मी वीस हजार सांगितले होते. आता तेही उघड होईल, होऊ दे.

योजना कशी असते हे तुम्हाला सांगायला नको. हॉलमध्ये बैठक, चहा-पोहे, पडद्यावर लालभडक झाडं, 'अकरा महिन्यांनी आम्हीच २,८०० ला एक परत घेणार'. कडकनाथ कोंबड्यांच्या अशाच योजनेचं प्रकरण २०१९ साली आपल्याच सांगली जिल्ह्यात गाजलं तेव्हा मी कट्ट्यावर बसून त्या लोकांना हसलो होतो. लोभी लोक, म्हणालो होतो.

मी मात्र लोभापायी गेलो नाही, हे लिहून ठेवतो. कोणाला पटो न पटो. त्याच २०१९ च्या पुरात माझी परसबाग गेली, तेव्हापासून सगळं गच्चीवर. वड, पिंपरण, जेड ही बारा वर्षांची माझी बोन्साय आहेत. पण वड काही लाल होत नाही. ज्यानं कधी बोन्साय केलंय त्याला विचारा, मेपल म्हटलं की काय होतं ते. आणि योजना विकणारा समोरचा माणूस अडाणी नव्हता. माझ्या वडाचा मोबाईलमधला फोटो बघून त्यानं विचारलं, "काका, दुसऱ्या फांदीची तार जरा उशिरा काढली ना?" काढली होतीच. फांदीला वळण द्यायला गुंडाळतात त्या तारेचा वळ त्याला फोटोत दिसला. तिथंच मी विकला गेलो.

बैठकीत प्रश्न विचारणारा मी एकटाच होतो, हेही सांगतो. सांगलीत एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तिथं मेपल कसं जगणार? तो म्हणाला, "आमच्या पाचगणीच्या पॉलिहाऊसमध्ये तीन पिढ्या इथल्या हवेची सवय लावलीय." तीन पिढ्या! मेपलला बी धरायलाच कित्येक वर्षं जातात, आणि याची फर्म दोन वर्षांची. मी मान डोलावली. चार लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यात मीही होतो. पत्रकावर एक निळ्या पानांचं मेपलही होतं. निळं मेपल जगात कुठंही नाही, ते फक्त कॉम्प्युटरवर उगवतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हटलं, छपाईवाल्यानं घोळ केला असेल.

आता खरं दुखणं.

ऑगस्टच्या शेवटी टेम्पो आला. रोपं वीतभर, देठ लाल, पानं मेपलसारखीच पाच बोटांची. मी गच्चीत रांगेनं मांडत होतो. भांडी घासायला येतात त्या मावशी जतकडच्या. सूप वाळत घालायला वर आल्या, एका कुंडीशी थांबल्या, एक पान खुडलं, चुरगळलं आणि सरळ तोंडात टाकलं. "काका, ही पुंडी की हो! तांबडी पुंडी. एवढी कशाला आणलीसा?"

पुंडी म्हणजे अंबाडी. मी त्यांच्यावर खेकसलो. "अहो, साडेअकराशेचं पान खाल्लंत तुम्ही!" असं म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत, सूप ठेवून खाली गेल्या. एक पान, फक्त एक पान मी तेव्हा चावून बघितलं असतं, तर टेम्पो अजून गल्लीतच वळत होता. सर्टिफिकेटचे ४,२०० तर मी त्यानंतर भरले. मातीची पिशवी फोडली तर आत विटांचा चुरा. अकादामाचा खडा बोटांत दाबला की हळूहळू चुरतो, हा तर हातोडीनं फुटत नव्हता. नदीकाठच्या वीटभट्टीवर असला चुरा कोणी पोत्यानं फुकट देईल. तरी मी गप्प.

नंतर तर खुणांची रीघच लागली. प्रशिक्षणात त्यानं फाटे, म्हणजे छाटलेल्या काड्या, लावायला शिकवलं. मी लावले, पंधरा दिवसांत झाडून सगळ्यांना मुळं! तीसची सत्तर झाली. छाती फुगली माझी. मेपलचा फाटा मुळं धरायला किती छळतो हे मी वाचलेलं होतं, पण म्हटलं आपला हात चांगला. बियांचंही तेच. मेपलच्या बीला पंख असतो, जोडीजोडीनं लागतात, वाऱ्यावर गरगरत जातात. पाकिटातल्या बिया भेंडीच्या बियांसारख्या. फोन केला तर म्हणाला, "पंख चोळून काढलेत, कुजू नयेत म्हणून." आता पंख चोळून काढतात हेही खरंच आहे, म्हणून मी फसलो. मेपलच्या बीला उगवण्याआधी तीनेक महिने ओला गारवा लागतो, म्हणून मी त्या ओल्या वाळूत मिसळून फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याशेजारी ठेवल्या. बायको रोज विचारायची, हे काय सडवताय? अंबाडीच्या बहिणीला मी हिवाळा दाखवत होतो.

नोव्हेंबरात, जेव्हा खरं मेपल पानं गाळून झोपायला लागतं, तेव्हा माझी झाडं कमरेएवढी होऊन फुलली. फूल कसं? भेंडीला येतं तसं, फक्त गुलाबी, मध्ये गर्द डोळा. मेपलचं फूल हरभऱ्याहूनही लहान असतं. मग मात्र पुण्यातल्या एका जुन्या बोन्सायवाल्या बाईंना फोटो धाडले. त्यांनी एवढंच विचारलं, "पानं समोरासमोर आहेत का?" जाऊन बघितलं. एक पान इकडं, त्याच्या वर दुसरं तिकडं. मेपलची पानं काडीवर समोरासमोर जोडीनं येतात. बघायला पाच सेकंद लागतात, मी तीन महिने घेतले. शास्त्रीय नाव त्यांनीच सांगितलं: हिबिस्कस ॲसिटोसेला. अंबाडीची लाल मावसबहीण. बाई पुढं म्हणाल्या की नाव असलेल्या खास जातीचं लाल मेपल बियांतून तसंच्या तसं उतरत नाही, ते कलमानंच करतात, खोडाशी जोड दिसायला हवा. आणि अकरा महिन्यांत बोन्साय विकायला तयार होतं म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. हे सगळं मला ठाऊक होतं हो! ठाऊक असून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाले, "काका, झाडं आली ना? जगली ना? मग फसवणूक कसली?" मी म्हटलं, ४२० लावा. त्यावर त्यांनी मला ४२० आता ३१८ झाल्याचं समजावलं, चहा पाजला आणि सायबरकडे धाडलं. तिथं पहिला प्रश्न: १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केव्हा केला? पैसे जाऊन तीन महिने झाले म्हटल्यावर त्या पोरानं पेनच खाली ठेवलं. (पैसे गेल्याचं कळलं की आधी १९३० लावा, मग घरच्यांना तोंड दाखवा. मी उलटं केलं.) कृषी कार्यालयात सांगितलं की शोभेची झाडं आमच्याकडं येत नाहीत. कुणाकडं येतात? मान हलली. पुढच्या टेबलावर विचारलं, "रोपवाटिका नोंदणीकृत होती का?" अहो, ते तुम्ही मला सांगायचं की मी तुम्हाला? परदेशी रोप आणायला सरकारी परवाना आणि तिकडचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, ४,२०० चा तो कागद खरा की खोटा एवढंच सांगा म्हणालो. तो कागद चौघांच्या हातात फिरला आणि चौथ्यानं त्यावर चहाचा कप ठेवला. डाग अजून आहे, दाखवतो हवा तर.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही म्हणून हुरळून वकिलांकडं गेलो. त्यांनी ५०० च्या स्टँपवरचा करार वाचला आणि चष्मा काढला. करारात मी 'ग्राहक' नाहीच, 'व्यावसायिक भागीदार' आहे. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला तो कायदा लागू होत नाही. पोटापाण्यासाठी स्वतः करतो म्हणावं तर मला पेन्शन. आणि चार पानांच्या त्या करारात 'मेपल' हा शब्द एकदाही नाही. 'शोभेची लाल पानांची रोपे' एवढंच. मी सही करताना पान उलटलंसुद्धा नव्हतं, वडाच्या तारेबद्दल बोलत होतो.

नोंदणी आणि टेम्पोभाडं रोखीत गेलं, पावती नाही. उरलेले ५०,४६० यूपीआयनं, तेही फर्मच्या नव्हे, कुणाच्या तरी बचत खात्यावर. पैसे धाडताना पडद्यावर नाव येतं, ते वाचत जा.

अर्ज डिसेंबरपासून पडून आहे. साहेब म्हणतात, एकट्याची तक्रार, आणखी कोणी आहे का? हॉलमध्ये चाळीसेक माणसं होतो आम्ही. पुढच्या रांगेतले एक गुरुजी परवा मंडईत दिसले. मी हाक मारली, तर त्यांनी कोथिंबिरीची जुडी तिथंच टाकली आणि गर्दीत शिरले. गुरुजी, तुमच्या गच्चीवरही ती फुललीत, मला रस्त्यावरून दिसतात. यूपीआयच्या नोंदी आणि करार घेऊन या. सोमवारी अकरा वाजता मी ठाण्याच्या बाकावर बसलेला असतो.