पुणे ते सावंतवाडी, गोतावळा भेटत: आपली गाडी की एसटी?

सत्तरीतल्या जोडप्याने सातारा, कोल्हापूर, सावंतवाडी असं मुक्काम करत जायचं, तर खर्चात एसटीला तोड नाही. ७५ पूर्ण झालेल्यांना २०२२पासून राज्याच्या हद्दीत प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाला निम्मं तिकीट. महिलांना तर २०२३पासून पंच्याहत्तरीच्या आत कोणत्याही वयात निम्मंच. गाडी चालवण्याचा ताणही नाही. पण उंच पायऱ्या, स्थानकावरची स्वच्छतागृहं आणि फाट्यापासून आतेबहिणीच्या वाडीपर्यंतची पायपीट गुडघ्यांना विचारून ठरवा.

आपल्या गाडीत डिझेल-टोल धरून खर्च बराच वाढतो, तरी माझा कौल तिलाच. या वयात वाटेल तिथे थांबता येणं फार मोलाचं. वहिनी “जेवूनच जा” म्हणाल्या, की शेवटच्या बसची चिंता नाही. लोणच्याची बरणी, काकवीचा डबा, रोपं, सगळं डिकीत मावतं. टप्पेही सोपे: प्रत्येक साधारण सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. फक्त आंबोली घाट दिवसाउजेडी उतरा. पावसाळ्यात तिथलं धुकं दाट असतं. मोतीबिंदू असेल, समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील, तर भाच्याला चालवायला घ्या किंवा सरळ एसटी धरा.