पट्टी कापून दिलेल्या गोळ्या

ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागात, एका आतल्या गल्लीत, स्वतःला सिस्टर म्हणवणारी एक बाई गर्भपाताच्या गोळ्या विकते. तिनं मला साडेतीन हजारांना गंडवलं. नाव लिहीत नाही, पण तिची रीत लिहिते. असं विकणारे बाकीच्या गावांतही आहेत.

धाकटा अजून अंगावर पीत होता. निरोध वापरूनही पाळी चुकली, घरी केलेल्या चाचणीत दोन रेघा आल्या. तिसरं मूल नको हे आम्हा दोघांचं ठरलेलंच होतं. शेजारच्या काकूंनी हिचा पत्ता दिला, तोही चांगल्या मनानं. बाईनं आधी चहा पाजला, मग घाबरवायला घेतलं. "भाभीजी, सरकारी में जाओगी तो पुलिस केस बनेगा. सास-ससुर तक बात पहुँचेगी. पति के साइन बिना कोई हाथ नहीं लगाएगा." तिचा खरा धंदा या भीतीचा आहे, गोळ्या नंतर येतात.

यातलं एकही वाक्य खरं नाही. गर्भपाताचा कायदा 1971 सालचा आहे. 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. गर्भनिरोधक फसलं हे कारण कायद्यात लिहिलेलं आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर ते लग्न न झालेल्या बाईलाही लागू आहे. अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची सही चालते, नवऱ्याची लागत नाही. उलट, पेशंटचं नाव बाहेर फोडलं तर तो गुन्हा होतो.

मोबाइलवर पैसे जमा झाल्यावर बाईनं वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेली पट्टी काढली. कात्रीनं अशी बेतून कापलेली की औषधाचं नाव, किंमत, मुदत, बॅच नंबर, सगळं पलीकडच्या तुकड्यावर गेलेलं. आत चार एकसारख्या गोळ्या. शेवटची पाळी कधी आली हेसुद्धा विचारलं नाही. बिल मागितलं तर म्हणाली, "इसका बिल नहीं बनता."

रात्रभर पेटके, रक्तस्राव, हुडहुडी भरून ताप. दुसऱ्या दिवशी कमी झालं, पण पुरतं थांबेना. दिवसामागून दिवस अंगावर जातच राहिलं. फोन केला तर बाईचं उत्तर तयार होतं: "सफाई करनी पड़ेगी. आठ हज़ार लेकर रात को आना." रात्री कशाला, हे मी यांना विचारलं, आणि सकाळी आम्ही कमलाराजा रुग्णालय गाठलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी पाळीची तारीख विचारली, मग रक्तगट, आधीची सिझेरियन, मग हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी. गर्भपात अर्धवट झाला होता. त्यांनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, पहिली गोळी कुठंय? पूर्ण किटमध्ये पाच गोळ्या असतात. पहिली 200 मिलिग्रॅमची मिफेप्रिस्टोन, ती पाण्याबरोबर गिळायची. गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचं काम ती अडवते. त्यानंतर 24 ते 48 तासांनी 200 मायक्रोग्रॅमच्या चार मिसोप्रोस्टॉल, ज्यांनी गर्भाशय आकुंचन पावतं. मला मिळाल्या त्या बहुधा फक्त या दुसऱ्या. नुसत्या त्यांच्यावर काम तितकं खात्रीनं होत नाही. आपल्याकडे हे किट शेवटच्या पाळीपासून नऊ आठवड्यांपर्यंत देतात, तेही डॉक्टरच्या चिठ्ठीवर, आणि छापील किंमत काही शेकड्यांतच असते.

सोनोग्राफीवर त्यांचा भर का, तेही तेव्हाच कळलं. गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनळीत असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही. रक्त मात्र जातं, बाई समजते काम झालं, आणि आत नळी फुटून जीव धोक्यात येतो. गोळ्या कुठल्याही असोत, सलग दोन तास तासाला दोन पॅड भिजत असतील, ताप दुसऱ्या दिवशीही उतरत नसेल, चक्कर येत असेल किंवा पोटात एका बाजूला जोरात दुखत असेल तर घरी थांबायचं नाही.

उपचार झाले. सही माझी एकटीची घेतली. हे तेव्हा बाहेर धाकट्याला घेऊन फेऱ्या मारत होते. सासूबाईंना अर्थात कळलंच. म्हणाल्या, "मला सांगायचंस गं, मीच नेलं असतं."

कापलेली पट्टी आणि मोबाइलवरून पैसे पाठवल्याची नोंद आम्ही जपून ठेवली होती. जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली, तेव्हा बिल नसताना तेवढंच जोडता आलं. अर्जाची पोच घेतली आहे, अजून कुणी बोलावलेलं नाही.