हातची गोधडी की मशीनची?
वहिनी विचारतेय, बाळासाठी गोधडी हातची शिवून घेऊ की मशीनवर. पैशाने नि वेळेने मशीनच परवडते, दोन दिवसांत तयार, हातची म्हणजे कुणीतरी महिनाभर दुपारी मान मोडून धावदोरा घालत बसणार. पण आजीची बघ ना, सुती लुगड्यांचे चार थर, धुऊन धुऊन उलट मऊच झालीय, दोरा तुटला तर तेवढंच सुईने शिवायचं. मशीनचा टाका घट्ट नि सरळ, पण विरलेल्या साडीवर दाट शिवण मारली की कापड त्याच ओळीत फाटतं. एक मात्र खरं, गोव्याच्या पावसात जाड सुती गोधडी चार दिवस वाळत नाही, कुबट वास येतो (आमचं अख्खं घर वासतं), पॉलिस्टर भरलेली पंख्याखाली लवकर सुकते. बाळाला हातचीच, पातळ, दोनच थरांची, पाहुण्यांसाठी मशीनची.