स्मार्ट मीटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

स्मार्ट मीटर आले म्हणजे वीज खासगी झाली, असं सोलापुरात सरसकट बोललं जातं. प्रत्यक्षात तारा, डीपी आणि बिल महावितरणकडेच आहे, दर वीज नियामक आयोग ठरवतो. खासगी कंत्राटदाराकडे गेलं ते मीटर बसवणं आणि सांभाळणं. हिशेब तेवढ्याचाच.

रीडिंग आपोआप जातं, त्यामुळे घराला कुलूप म्हणून सरासरी बिल येत नाही. हा खरा फायदा.

सवलतीचं गणित मात्र मांडून बघा. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या युनिटला ८० पैसे सूट सुरू झाली. महिन्याचे १५० युनिट, त्यात दिवसाचे ४०, तर वाचले ३२ रुपये. इथं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही कधी पहाटे, कधी रात्री. मोटर तेव्हाच लावावी लागते. उन्हाळ्यात कूलरही रात्रभर चालतो.

आता ‘मीटर पळतो’ या तक्रारीबद्दल. साखर पेठ, अशोक चौकाकडच्या जुन्या घरांत वाटण्या झाल्या, मीटर दोन झाले, पण न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरी, एकमेकांत अडकलेलेच राहिले. इन्व्हर्टर जोडतानाही हे होतं. जुना चकतीचा मीटर फक्त फेजचा, म्हणजे आत येणाऱ्या वायरचा, करंट मोजायचा. नवा फेज आणि न्यूट्रल दोन्ही बघतो आणि जास्त असेल तो धरतो. शेजारच्या करंटचा परतीचा रस्ता तुमच्या न्यूट्रलमधून असेल, तर तेच युनिट दोन्ही मीटरवर चढतं. घरातली सगळी उपकरणं बंद करा. तरी मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर वायरमनकडून आधी न्यूट्रल वेगळे करून घ्या. दिवा शांत असेल, तर फक्त १००० वॅटची इस्त्री सहा मिनिटं सलग तापवत ठेवा. पाटीवर युनिटला ३२०० पल्स लिहिले असतील, तर सुमारे ३२० लुकलुकी व्हायला हव्यात. थर्मोस्टॅट मध्येच तोडत असेल तर इस्त्रीऐवजी तेवढ्याच वॅटचा पाणी तापवायचा रॉड घ्या. फरक मोठा असेल तरच मीटर तपासणीचा अर्ज द्या.

बसवताना घाई होते. ॲल्युमिनियमच्या वायरचा स्क्रू ढिला राहिला की टर्मिनल तापतं, दिवे मिचमिचतात, जळका वास येतो. वास आला की मेन स्विच बंद करून लगेच १९१२ ला कळवा, सील स्वतः तोडू नका. जुन्या मीटरचं शेवटचं आणि नव्याचं पहिलं रीडिंग यांचा फोटो माणूस समोर असतानाच काढा. पुढं बिल फुगलं की वाद इथंच अडतो. कंत्राटदाराचा माणूस ऑफिसकडे बोट दाखवतो आणि ऑफिस त्याच्याकडे. पण जबाबदारी बिल पाठवणाऱ्या महावितरणचीच असते, म्हणून अर्ज उपविभागात द्यायचा, पोच घ्यायची, दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच.

भिवंडीत २००७ पासून वितरण खासगी फ्रँचायझीकडे आहे, नागपुरात २०११ ते २०१९ होतं, पण दर महावितरणचेच राहिले. मुंबई उपनगरात टाटा आणि अदानी यांतला एक निवडता येतो, म्हणून ग्राहकाचा थोडा वचक राहतो. सोलापुरात दारात एकच तार येते.